इंधनाचे पीक आणि अवर्षणप्रवण प्रदेशातील पाणी

मुंबईच्या चेंबूर-माहूल भागात दोन जुने तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. एक १९५४ मध्ये व दुसरा १९५५ मध्ये सुरू झाला. परकीय कंपन्यांनी उभारलेले हे कारखाने राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्यांचे झाले. त्यानंतर कित्येक वर्षे चेंबूरच्या पंपावर मिळणारे पेट्रोल केवळ भूगर्भातील खनिज तेलापासून बनत असे. शेतकऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नसे. आता ती स्थिती राहिलेली नाही. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. जून २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्के झाले व २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. हे इथेनॉल शुद्धीकरण कारखान्यात तयार होत नाही. साखर कारखान्यांच्या व धान्यावर चालणाऱ्या आसवन्यांतून ते टँकरने तेल कंपन्यांच्या आगारांत येते आणि तेथे पेट्रोलमध्ये मिसळले जाते. म्हणजेच मुंबईत विकल्या जाणाऱ्या पाच लिटर पेट्रोलपैकी एक लिटर आता शेतात पिकते.

शेतात जे पिकते त्यास पाणी लागते, आणि येथूनच विचार करण्यासारखा प्रश्न सुरू होतो.

नीती आयोगाने २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात हा हिशेब स्पष्ट मांडलेला आहे. एक टन उसापासून सुमारे १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळते. आणि उसापासून मिळणाऱ्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. ऊस व भात ही दोन पिके मिळून देशातील सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतात, असेही त्याच आराखड्यात म्हटले आहे. इथेनॉलचा पुरस्कार करणाऱ्या दस्तऐवजातच हे आकडे असल्याने ते विरोधकांनी फुगविले आहेत, असे म्हणण्यास जागा राहत नाही.

तथापि २,८६० हा आकडा सर्व ठिकाणी सारखा लागू होतो असे समजणे चुकीचे ठरेल. उसास हेक्टरी २,००० मिलिमीटर, म्हणजे २ कोटी लिटर पाणी लागते व उत्पादन १०० टन येते, असे धरले तरच हा हिशेब जुळतो. कोल्हापूर-सांगलीकडील काळ्या, खोल जमिनीत व नदीकाठी असे उत्पादन अशक्य नाही. परंतु ज्या भागात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि दोन पाळ्यांमधील अंतर वीस-पंचवीस दिवसांवर जाते, तेथे हेक्टरी ७० टन ऊस निघाला तरी शेतकरी समाधान मानतो. अशा ठिकाणी तेवढ्याच पाण्यात ४,९०० लिटर इथेनॉल मिळेल व एका लिटरमागे पाण्याचा खर्च ४,००० लिटरांवर जाईल. पाण्याची टंचाई जेथे अधिक, तेथेच इंधनाच्या प्रत्येक लिटरला पाणीही अधिक लागते, असा हा उलटा व्यवहार आहे. उत्तर प्रदेश व बिहारच्या गंगाकाठच्या प्रदेशाशी तुलना केल्यास महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे जवळजवळ दुप्पट पाणी लागते, असे कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांतून दिसून आले आहे.

महाराष्ट्रात ऊस एकूण पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर असतो, परंतु सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी त्यास लागते, असा निष्कर्षही त्याच आयोगाने काढला होता. उरलेल्या शहाण्णव टक्के जमिनीवरील ज्वारी, तूर, हरभरा, कापूस, सोयाबीन, कांदा व भाजीपाला या पिकांच्या वाट्यास उरलेले पाणी येते.

या आकड्यांचा अर्थ डोळ्यांपुढे यावा म्हणून लातूरचे उदाहरण घेणे योग्य होईल. २०१५ च्या अवर्षणानंतर लातूर शहराचा पाणीपुरवठा मांजरा धरण आटल्यामुळे कोलमडला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून दहा वाघिणींमध्ये सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. ही वाहतूक ऑगस्टपर्यंत चालली व तेवढ्या काळात सुमारे २५ कोटी लिटर पाणी लातुरास पोहोचले. साऱ्या देशाने त्या गाडीची छायाचित्रे पाहिली. आता हेच पाणी उसाच्या मापाने मोजून पाहावे. पहिल्या गाडीचे ५ लाख लिटर पाणी अडीच गुंठे उसास वर्षभर पुरले असते. चार महिन्यांत आलेले सर्व पाणी साडेबारा हेक्टर उसास पुरले असते. पावसाचा एकतृतीयांश वाटा वजा केला तर एकोणीस हेक्टरांस. एका मोठ्या शहराची तहान ज्या पाण्याने कशीबशी भागली, ते पाणी एका लहान गावाच्या उसासही पुरेसे झाले नसते. त्या वर्षी त्याच जिल्ह्यात उसाचे गाळपही झाले होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी २०१९ मध्ये राज्य शासनास जो अहवाल दिला, त्यात एक हेक्टर उसास सुमारे १९६ लाख लिटर पाणी लागते असे नमूद करून या विभागात उसाऐवजी कडधान्ये व तेलबिया घ्याव्यात, अशी शिफारस केली होती. त्यापूर्वी, १९९९ मध्ये, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगानेही तुटीच्या उपखोऱ्यांत अधिक पाणी घेणाऱ्या पिकांस आवर घालण्याचा विचार मांडला होता. २०१७ मध्ये उसास ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. अहवालांची व निर्णयांची उणीव महाराष्ट्रात कधीच नव्हती.

मग ऊस कमी का होत नाही? यास शेतकऱ्याचा हट्ट किंवा अज्ञान हे कारण देणारे लोक शहरात पुष्कळ आढळतात. त्यांनी एकदा तुरीचा व उसाचा हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहावा. उसास कायद्याने ठरलेला दर आहे. २०२४-२५ च्या हंगामात तो सव्वादहा टक्के उताऱ्यास टनामागे ३,४०० रुपये होता. ऊस तुटल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. तो नेहमीच पाळला जातो असे नाही, पण दंडक तरी आहे. गारपिटीने ऊस आडवा झाला तरी कारखाना तो नेतो. याउलट सोयाबीनचा हमीभाव त्याच वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात बराच काळ त्याहून कमी भाव मिळाला. अवर्षणप्रवण भागातील शेतकरी उसाकडे वळतो तो पाण्याची किंमत कळत नाही म्हणून नव्हे. इतर कोणत्याही पिकात त्यास असे संरक्षण मिळत नाही, म्हणून तो वळतो. ज्याने मांजऱ्याकाठी कूपनलिकेवर कूपनलिका घेतल्या, त्यास पाणी खोल गेल्याचे कोणी सांगावयास नको.

इथेनॉलच्या धोरणाने या संरक्षणात आणखी भर घातली आहे. साखरेचे साठे पडून राहिल्याने कारखाने बुडीत निघत व शेतकऱ्यांची बिले थकत. इथेनॉलचे पैसे त्वरित मिळत असल्याने ती अडचण बरीच दूर झाली. हा लाभ खरा आहे व तो नाकारणे अन्यायाचे होईल. आयात तेलाचा खर्चही काही अंशी वाचतो. परंतु दर कसे ठरतात याकडे लक्ष द्यावे. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे, अर्धी साखर ठेवलेल्या बी-प्रतीच्या मळीपासूनच्या इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे व थेट उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे असे दर होते. शेवटची मळी हा साखरेचा उपपदार्थ असतो. तिच्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही, आणि तिच्यामागचे पाणी साखरेच्या खात्यावर आधीच पडलेले असते. रसाचे तसे नाही. रसापासून इथेनॉल म्हणजे ऊस हे खाद्यपीक न राहता इंधनपीक होणे होय. ज्या इथेनॉलमागे नवे पाणी लागते त्यास सर्वांत वरचा दर आहे. साखर न काढल्यामुळे होणारे नुकसान भरून देणे, हा या दरामागील हेतू आहे. पाण्याचा विचार त्यात कोठेच नाही. आणि तो दर पुरेसे पाणी असलेल्या तालुक्यास व टँकरवर जगणाऱ्या तालुक्यास एकच आहे.

या धोरणाचा पाया पावसावर किती अवलंबून आहे, ते २०२३ मध्ये दिसून आले. ऑगस्ट कोरडा गेला, महाराष्ट्र व कर्नाटकातील उसाची वाढ खुंटली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनास रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घालावी लागली. आठवड्याभराने ती सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा ठरविण्यात आली. हे निर्बंध ऑगस्ट २०२४ अखेर उठले. ज्यांनी कर्जे काढून नव्या आसवन्या उभारल्या होत्या, त्यांचे हप्ते मात्र त्या काळात थांबले नाहीत.

या धक्क्यानंतर मक्याकडे लक्ष वळले. मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे असा सर्वांत अधिक दर मिळू लागला व थोड्याच काळात मका हा इथेनॉलचा प्रमुख कच्चा माल बनला. पूर्वी मका निर्यात करणाऱ्या भारतास २०२४ मध्ये तो बाहेरून आणावा लागला. मक्यास पाणी कमी लागते, असे सर्रास सांगितले जाते. एकरी हिशेबाने ते खरे आहे. सुमारे चार महिन्यांच्या या पिकास ५०० ते ६०० मिलिमीटर पाणी पुरते. परंतु एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते, आणि ओलिताखाली हेक्टरी ५ टन मका आला तरी ते १,९०० लिटर होते. ५५ लाख लिटर पाण्यास १,९०० ने भागले असता उत्तर २,९०० च्या जवळपास येते, म्हणजे जवळजवळ उसाइतकेच! मक्याचा खरा गुण वेगळाच आहे. खरिपातील मका आपले बहुतेक पाणी आभाळातून घेतो व चार महिन्यांत शेत मोकळे करतो. विहिरीस उन्हाळ्यात त्याच्यासाठी झिजावे लागत नाही. रब्बीचा किंवा उन्हाळी मका विहिरीवर घेतल्यास हा गुण नाहीसा होतो. गावातील कृषी कार्यकर्त्याने शेतकऱ्यास मक्याची शिफारस करताना कोणत्या हंगामातील मका, हे प्रथम सांगितले पाहिजे.

मक्याच्या मागे आणखी दोन गोष्टी येतात. भारी काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी केवळ जमिनीतील ओलीवर येते आणि धान्याबरोबर कडबा देते. तिची जागा मक्याने घेतली तर पाण्याबरोबर चाऱ्याचाही प्रश्न उभा राहतो, आणि अवर्षणात जनावरे कडब्यावाचूनच बाजारात जातात. दुसरे असे की, आसवनीतून धान्याचा जो चोथा उरतो तो पशुखाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो व सोयाबीनच्या पेंडीस स्पर्धा करतो. मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्यास ऊस सोडून सोयाबीन घ्या असे सांगितले जाते, त्याच्या सोयाबीनचा भाव अशा प्रकारे इथेनॉलच पाडू शकते.

इंधनपिकांचा हा पहिला प्रयोग नव्हे. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाचा मोठा पुरस्कार केला. पडीक जमिनीत, पाण्यावाचून वाढणारे, जनावरे न खाणारे झाड, आणि त्याच्या बियांपासून डिझेल! २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्टही ठेवले. झाड जगले, हे खरे. पण बी धरले नाही. पाण्यावाचून जगणे व पाण्यावाचून उत्पन्न देणे यांत जे अंतर आहे ते कोरडवाहू शेतकऱ्यास पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. आराखडे करणाऱ्यांस ते उशिरा कळले. ओलीत दिल्यावर उत्पन्न वाढले, पण ओलीत द्यावयाचे तर पडीक जमिनीचा मुद्दाच उरला नाही.

गोड ज्वारीचा प्रयत्न मात्र अधिक विचारपूर्वक झाला. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर दीर्घकाळ काम करून ‘मधुरा’ हे वाण तयार केले. कणसापासून धान्य, ताटाच्या रसापासून मद्यार्क व चोयट्यापासून चारा असे तिहेरी उत्पन्न देणारे, उसाच्या मानाने थोड्या पाण्यावर चार महिन्यांत येणारे हे पीक अवर्षणप्रवण भागास अनुरूप आहे. त्याची अडचण कारखान्याच्या बाजूस आहे. ताटे तोडल्यावर रस लवकर आंबतो, तोडणीचा काळ थोडा असतो, आणि वर्षभर आसवनी चालविण्यास ते पुरे पडत नाही. नांदेडकडे या पिकावर आधारलेला उद्योग उभारण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. उसासाठी साठ-सत्तर वर्षांत कारखाने, रस्ते, कर्जे, संशोधन व सहकार यांची जी उभारणी झाली, तिचा दहावा हिस्साही गोड ज्वारीच्या वाट्यास आला नाही. तेव्हा उसापुढे ती हरली, असा निकाल देण्याची घाई नको.

सिंचनाच्या इतिहासातही असेच घडलेले आहे. १८८५ चा नीरा डावा कालवा दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढण्यात आला. ज्वारी-बाजरीस एखादे-दुसरे पाणी मिळून पीक वाचावे, हा त्यामागील उद्देश होता. परंतु पावसाच्या वर्षी ज्वारीस पाणी नको असे, पाणीपट्टी बुडे, आणि कालव्याचा खर्च भरून काढण्यास ऊसच उपयोगी पडला. संरक्षणाचे पाणी नफ्याच्या पिकाकडे कसे वळते, याचा तो पहिला धडा होता. मराठवाड्यातील धरणांनी तोच धडा पुन्हा गिरवला, आणि इथेनॉलने त्यास नवे गिऱ्हाईक आणून दिले.

उपाय काय, याचे उत्तर गावपातळीवर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची सुरुवात केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्धा एकर या मापाने द्यावे, भूमिहीनासही त्याचा वाटा असावा, आणि उसासारखे बारमाही पीक घेऊ नये, असे तिचे नियम होते. हिवरे बाजार या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावाने उसास व सिंचनासाठीच्या कूपनलिकांस मज्जाव केला व दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा पाडली. प्यावयाचे पाणी, जनावरांचे पाणी, त्यानंतर खरिपाचे संरक्षण, त्यानंतर रब्बी, असा तेथील क्रम आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमातही अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरहून खोल विहिरींस प्रतिबंध व पाण्यानुसार पीक आराखडा यांची तरतूद आहे.

ज्यांचा ऊस आज शेतात उभा आहे, त्यांना हे सांगून भागणार नाही. त्यांनी पाचट जाळू नये. सरीत आच्छादन म्हणून पसरावे. लागण ठिबकावर घ्यावी. त्याने चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी वाचते. पाण्याचा ताण सोसणारे को-८६०३२ यासारखे वाण निवडावे. मात्र ठिबकाने वाचलेले पाणी आणखी दोन एकर ऊस लावण्यास वापरले तर विहिरीस त्याचा काहीच लाभ होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तेच घडते. अवर्षणप्रवण तालुक्यात आडसाली लागण तर टाळलीच पाहिजे. ती जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस कसा होणार हे कळण्यापूर्वीच होते, आणि सोळा-अठरा महिने शेतात राहून एक सबंध उन्हाळा पाणी मागते. ऑक्टोबरात विहिरीची पातळी मोजून केलेला ताळेबंद कितीही अचूक असला, तरी आडसालीच्या शेतकऱ्याचे पाणी त्यापूर्वीच खर्ची पडलेले असते.

शहरानेही आपला वाटा उचलावयास हवा. चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना मुंबईचे सांडपाणी शुद्ध करून दोन दशकांहून अधिक काळ आपल्या कामास वापरीत आहे. पालिकेचे पाणी महाग व अपुरे म्हणून ही व्यवस्था करणे त्यास परवडले. पाण्यास किंमत असली की कारखाना सांडपाण्याचाही थेंब वाया घालवीत नाही. इथेनॉलच्या दरात ही किंमत आली पाहिजे. तेल कंपन्यांचे इथेनॉल पुरवठा वर्ष १ नोव्हेंबरपासून सुरू होते. गावोगावच्या पाण्याचा ताळेबंदही त्याच सुमारास तयार होतो. ज्या तालुक्यात मागील उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते, तेथील रसापासूनच्या इथेनॉलला मळीपासूनच्या इथेनॉलहून अधिक दर देऊ नये, व वाचलेल्या रकमेतून त्याच तालुक्यातील तूर, हरभरा व ज्वारी हमीभावाने खरेदी करावी, एवढा बदल करण्यास नवा कायदा लागत नाही. टँकरची यादी प्रत्येक तहसील कार्यालयात असतेच.